ठाणे, थान आणि इस्ताना

क्वालालंपूरमध्ये कुणी गाव विचारलं की मी "ठाणे" म्हणतो. ऐकणाऱ्याला त्यातून काय ऐकू येतं, ते तो कुठला यावर ठरतं.

बांगलादेशी कामगाराला थाना ऐकू येतो, म्हणजे पोलीस ठाणं. पण तेवढंच नाही. त्याच्या पत्त्यात गाव, मग थाना, मग जिल्हा येतो. १९८० च्या दशकात तिथल्या थान्यांचे उपजिले झाले, तरी पत्ता सांगताना थाना येतोच. आमच्या इमारतीचे रखवालदार नेपाळचे. नेपाळीत थान म्हणजे देवाची जागा, कुलदेवतेचं ठिकाण. आणि तिथल्या सरकारी कागदावर "थान १" दिसलं तर ते एक नग!

या सगळ्यांचं मूळ संस्कृत 'स्थान'. आपल्याकडे त्यातून ठाणेदार आला, ठाण मांडून बसणं आलं, घोड्याचं ठाण आलं, समईला ठाणवई हा देखणा शब्द आला. शिलाहार राजांच्या ताम्रपटांत आपल्या गावाचं नाव श्रीस्थानक आहे. त्यामुळे लोकलमध्ये "पुढील स्थानक, ठाणे" ऐकताना मला फार आनंद होतो: एकच शब्द दोन वयांत, शेजारी शेजारी. ठाणे नगर पोलीस ठाण्याच्या पाटीचंही तेच.

पण खरा धक्का इथल्या मलय भाषेने दिला. राजवाड्याला मलयमध्ये इस्ताना म्हणतात. मलेशियाच्या राजाचा तो इस्ताना नेगारा, आणि समुद्रकिनाऱ्यावर मुलं करतात तो वाळूचा किल्ला, इस्ताना पासिर. हा शब्द आला 'आस्थान' वरून, म्हणजे राजसभा. मराठीत आस्थान आता फारसं कुणी म्हणत नाही, पण कानडी-तेलुगूत आस्थान विद्वान ही पदवी अजून चालते. त्यात नेगारा म्हणजे देश, आपलं 'नगर'! शहर समुद्रापार जाऊन अख्खा देश झालं. आणि जावामध्ये अस्ताना म्हणजे चक्क दफनभूमी. इंडोनेशियाचे माजी अध्यक्ष सुहार्तो २००८ मध्ये वारले, त्यांना मध्य जावातल्या अस्ताना गिरिबांगुनमध्ये पुरलं. त्यातला 'गिरि' तर ओळखायलाही नको.

अशा वेळी "त्यांनी आपल्या शब्दाचा अर्थ बिघडवला" असं म्हणणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. 'स्था' म्हणजे उभं राहणं. जिथे जे पाय रोवून उभं राहिलं, त्याला तो शब्द मिळाला: कुठे फौज, कुठे देव, कुठे राजा, कुठे राजाची समाधी. आपल्या ठाण्यात राजवाडा नाही. किल्ला आहे, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला, आणि आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. त्या किल्ल्यावर मलयचा नाही, आपलाच अर्थ शोभतो.

इतक्या लांब यायचीही गरज नाही म्हणा. दिल्लीच्या एम्सच्या हिंदी नावात 'आयुर्विज्ञान संस्थान' आहे. हिंदीत संस्थान म्हणजे संस्था. आपल्याला संस्थान म्हटलं की सावंतवाडी आठवते, नाहीतर शिर्डी.

ठाण्याच्या येऊर डोंगरातल्या पाड्यांवर किंवा कोळीवाड्यांत 'ठाण' अजून कुठल्या अर्थाने बोलतात, हे मला इथे बसून कळणार नाही. तुमच्या घरात मोठी माणसं असतील तर त्यांना विचारा आणि मला नक्की कळवा.