आमची वाटचाल : पट्टी सांगोल्यात निघते, वाचली जाते मिरजेत

छोट्या गावातल्या दवाखान्यात काढलेला ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांच्या रेषा उमटलेली पट्टी, काही मिनिटांत हृदयरोगतज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर नेणं आणि त्यांचं मत तितक्याच लवकर परत आणणं, हे आमच्या फर्मचं काम. सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, जत हा आमचा पट्टा. डाळिंबाचा, मेंढरांचा, कमी पावसाचा. इथं छातीत कळ आली की माणूस आधी सोडा पितो, मग ओवा चावतो आणि "पित्त खवळलंय" म्हणत सोप्यात पडून राहतो. घामानं अंगरखा भिजला की मग घरातली माणसं गाडी काढतात. सांगोल्याहून मोठं हॉस्पिटल म्हणजे एका बाजूला सोलापूर, दुसऱ्या बाजूला मिरज. महामार्ग चौपदरी झाला तरी कुठंही जायचं तर दीड-दोन तास धरूनच चालायचं.

हृदयाची नळी बंद पडल्यावर दर मिनिटाला स्नायू मरत असतो. म्हणून वैद्यकशास्त्राचे दंडक कडक आहेत. पेशंट दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी (बंद नळी फुग्यानं उघडणं) होणार नसेल, तर नळीतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन आहे त्या ठिकाणीच द्यायचं आणि मग पुढं पाठवायचं. आमच्या भागात हे १२० मिनिटांचं गणित क्वचितच जुळतं. म्हणजे निर्णय तालुक्याच्या ठिकाणी, कधी कधी गावातच घ्यावा लागतो, आणि तो घेणाऱ्या डॉक्टरांच्या पाठीशी कुणीतरी उभं असावं लागतं. आमचा धंदा या एका गरजेतून उभा राहिला.

सुरुवात मात्र दुरुस्तीच्या कामानं झाली. बीपीचं यंत्र, सक्शन, ऑटोक्लेव्ह, ईसीजी मशीन असं सगळं दुरुस्त करत मी दवाखाने फिरायचो. मशीन ठीक करून चाचणीची पट्टी काढून दाखवली की डॉक्टर म्हणायचे, "मशीन झालं हो, पण रात्री दोन वाजता ही पट्टी बघून छातीठोक सांगणारं कोण आहे?" आमच्याकडच्या खेड्यांत रात्रीचा भार उचलतात ते बहुतेक बीएएमएस, बीएचएमएस किंवा नुकतेच एमबीबीएस झालेले डॉक्टर. कष्टाळू माणसं, पण हार्ट अटॅकचा ईसीजी प्रत्येक वेळी पुस्तकातल्यासारखा दिसत नाही. ओळखीच्या सरांना फोन लावायचा, त्यांनी उचलला तर उचलला.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि स्वस्त इंटरनेट वाड्या-वस्त्यांवर पोचलं. तेव्हापासून पट्टीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची पद्धत पडली. त्यानं बरेच जीव वाचले, हे मी मनापासून सांगतो. पण फोटोचे हाल मी जवळून पाहिलेत. पट्टी टेबलावर गोळा झालेली, अर्ध्या भागावर ट्यूबलाइटचा उजेड, कडेची एक लीड, म्हणजे हृदयाकडं एका कोनातून बघणारी रेषा, कापली गेलेली. ईसीजीत एक मिलिमीटर चढ-उताराला किंमत असते. कागद सुरकुतला की तो मिलिमीटर हरवतो. शिवाय फोटोवर पेशंटचं नाव, वय, गाव, आणि तो ग्रुप कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये, याचा हिशेब कुणाकडंच नसायचा.

मग आम्ही कागद बाजूला ठेवून मूळ सिग्नलच पाठवायचं ठरवलं. इथं एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बारा लीडचा ईसीजी म्हणतात, पण मशीन प्रत्यक्षात मोजतं आठच लीड. उरलेल्या चार त्याच आकड्यांतून बेरीज-वजाबाकीनं निघतात. सेकंदाला ५०० नोंदी, १० सेकंद, आठ लीड आणि प्रत्येक नोंदीला दोन बाइट धरले तर सगळा ऐवज ८० केबीच्या आसपास. मोबाइलवरच्या एखाद्या साध्या फोटोपेक्षाही कमी. त्यामुळं एकच कांडी रेंज असली तरी तो जातो, आणि रेंज गेलीच तर मोबाइलमध्ये थांबून राहतो, आली की निघतो. आमचं अ‍ॅप याच हिशेबावर लिहिलं आहे. दिसायला साधं आहे, रंगीबेरंगी काही नाही, बटणं मोठी आणि सगळी मराठीत.

ईसीजी दूर पाठवणं ही कल्पना मात्र आमची नव्हे आणि आजचीही नव्हे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइंटहोव्हेन यांनी १९०५ साली टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर लांबच्या हॉस्पिटलातल्या पेशंटचे ठोके आपल्या प्रयोगशाळेत नोंदवले होते. त्यांचं यंत्र इतकं अवजड होतं की ते पेशंटपर्यंत नेणं शक्यच नव्हतं. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. नव्या दवाखान्यात मशीन बसवताना ही गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण "ऑनलाइन ईसीजीवर विश्वास कसा ठेवायचा?" हा प्रश्न आजही येतो.

मशीन, अ‍ॅप, नेट या सगळ्यांपेक्षा आमचा जास्त वेळ जातो तो लीड बसवायला शिकवण्यात. इथं मला सविस्तर बोलायचं आहे. अंगाला लावायच्या चकत्यांनाही आम्ही लीडच म्हणतो; छातीवर अशा सहा लीड लागतात. पहिली दोन उरोस्थीच्या उजव्या-डाव्या कडेला, चौथ्या फासळीखालच्या फटीत. ही फट बोटानं मोजून शोधावी लागते. गळ्याखालच्या खाचेतून बोट खाली सरकवलं की हाडावर एक उंचवटा लागतो. त्याला लागून दुसरी फासळी, तिच्याखाली दुसरी फट, तिथून दोन फटी खाली उतरायचं. पुष्कळ ठिकाणी अंदाजानं एक-दोन फटी वर बसवतात आणि ईसीजीची रेषा बदलते. नसलेला जुना अटॅक दिसतो, कधी असलेला लपतो. हाताच्या लीड उजव्या-डाव्या झाल्या तर ईसीजीतली पहिली रेषा उलटी येते आणि एव्हीआर नावाची रेषा सुलटी. आमचं अ‍ॅप ही अदलाबदल ओळखून "हाताच्या लीड तपासा" असं पाठवायच्या आधीच सांगतं.

बायकांच्या बाबतीत अडचण वेगळी. संकोचापोटी लीड स्तनाच्या खाली न जाता वर बसतात, किंवा ब्लाउज न काढताच कसंतरी उरकलं जातं. त्यात बायकांचा अटॅक पुष्कळदा छातीत दुखण्यानं सुरू होत नाही. पाठ भरून येते, जबडा दुखतो, दम लागतो, मळमळतं. मधुमेह असला तर कधी कधी दुखणंही जाणवत नाही. म्हणजे आधीच उशिरा आलेली बाई आणि त्यात चुकीचा ईसीजी. आमच्या टीममध्ये एक ताई आहेत, अनेक वर्षं नर्स म्हणून काम केलेल्या. प्रत्येक दवाखान्यात त्या सिस्टर आणि मावशींना वेगळं बसवून शिकवतात. पडदा कुठं लावायचा, चादर कशी घ्यायची, "आक्का, दोन मिनिटं फक्त, मी आहे ना इथं" हे कसं बोलायचं. हे प्रशिक्षण आम्ही कधीही कमी केलेलं नाही, आणि ते नको म्हणणाऱ्या दवाखान्याला आम्ही मशीन देत नाही.

आमच्या भागाची आणखी एक खास अडचण म्हणजे अर्थिंग. उन्हाळ्यात ईसीजीची रेषा थरथरायला लागायची, जाड काळी पट्टीच उमटायची. मशीन बदललं, केबल बदलल्या, फरक नाही. कारण जमिनीत होतं. पाऊस नाही, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत, आणि विजेच्या ५० हर्ट्झचा गोंगाट थेट रेषेत उतरायचा. आता मार्चपासून आमचा माणूस फेरी मारतो, खड्ड्यात मीठ-कोळसा बघतो, पाणी ओततो. आणि सिस्टरना सांगून ठेवलंय की ईसीजी काढताना चार्जरची पिन काढायची, मशीन बॅटरीवर चालवायचं.

पलीकडच्या टोकाला हृदयरोगतज्ज्ञांची पाळी लावलेली असते. त्यांच्या मोबाइलवर ईसीजीबरोबर पेशंटचं वय, दुखणं कधी सुरू झालं, बीपी, मधुमेह आहे का, एवढंच जातं. नाव जात नाही. त्यांनी ईसीजी उघडला की इथल्या डॉक्टरांना दिसतं. ठरलेल्या वेळात उघडला नाही, तर आपोआप दुसऱ्या डॉक्टरांना फोन जातो.

एका रात्री मी दवाखान्यातच होतो, इन्व्हर्टरचं काम चालू होतं. डाळिंबाच्या बागेत फवारणी करून आलेला पन्नाशीचा शेतकरी, पोटाच्या वरच्या अंगाला दुखतंय म्हणून आला. दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ लीडमध्ये रेषेतला एसटी नावाचा भाग वर उचललेला. म्हणजे अटॅक हृदयाच्या खालच्या भिंतीचा. पेशंटचा भाऊ जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, घेऊनच आला होता, द्यायच्या बेतात होता. मिरजेहून हृदयरोगतज्ज्ञ सरांचा फोन आला, "गोळी थांबवा. आधी उजव्या बाजूला व्ही-फोर-आर काढा." उजव्या छातीवर लीड लावून पुन्हा ईसीजी गेला. हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकच्या तावडीत सापडला होता. अशा पेशंटला सॉर्बिट्रेट दिली तर बीपी धाडकन खाली येतं. अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, सलाइन सुरू झालं, रक्तस्रावाचा धोका नाही ना हे प्रश्न विचारून गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं, आणि मगच अ‍ॅम्ब्युलन्स हलली. नातेवाइकांना रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर घ्यायला सांगितलं, म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद करताना धावाधाव नको. हे वाक्य आता आमच्या अ‍ॅपमध्येच आहे, पेशंट पुढं पाठवायचं बटण दाबलं की येतं.

सल्ला लांबून आला तरी पेशंट इथल्या डॉक्टरांचाच असतो. मार्च २०२० मध्ये केंद्रानं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यातही हेच आहे: एका डॉक्टरनं दुसऱ्याचं मत घेता येतं, उपचाराची जबाबदारी समोरच्या डॉक्टरची. त्याआधी बरेच डॉक्टर कायद्याच्या धास्तीनं मागं राहायचे. नियम लिहून आल्यावर बोलणं सोपं झालं.

मशीन स्वतःच "नॉर्मल" किंवा "अ‍ॅबनॉर्मल" छापतं. ती ओळ आम्ही बंद ठेवली आहे. सॉफ्टवेअर झपाट्यानं सुधारतंय, कुठला ईसीजी आधी बघायचा एवढी क्रमवारी लावायला आम्हीही त्याची मदत घेतो. पण कोपऱ्यात "नॉर्मल" छापलेला कागद हातात पडला की माणूस घरी जातो, आणि अटॅकच्या सुरुवातीचा ईसीजी खरोखर नॉर्मल असू शकतो. थोड्या वेळानं पुन्हा काढायचा असतो. तसंच मनगटावरच्या घड्याळाचं. एका लीडवर ठोक्यांची अनियमितता त्याला पकडता येते, हार्ट अटॅक नाही. मुलानं पुण्याहून पाठवलेलं घड्याळ दाखवून "यात तर सगळं बरोबर आहे" म्हणणारे आजोबा भेटतात. त्यांना हात जोडून सांगावं लागतं, आबा, घड्याळ राहू द्या, छाती दुखतीय तर चला.

जीव वाचल्यावर पुढं काय, याकडं आम्ही नंतर वळलो, आणि आता मला ते तितकंच महत्त्वाचं वाटतं. स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी, बसवून आलेला माणूस दोन-तीन महिन्यांत ठणठणीत वाटायला लागतो आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या सोडतो. कुणाच्या पोटात आग होते, कुणाला महाग पडतात, कुणाला शेजाऱ्यानं सांगितलेलं असतं. स्टेंटनंतर दोन गोळ्या साधारण वर्षभर चालू ठेवायच्या असतात, मध्येच सोडल्या तर स्टेंट बंद पडू शकतो. मेसेज पाठवून उपयोग झाला नाही, कारण मोबाइल नातवाकडं. म्हणून आम्ही माणसानं करायचा फोन ठेवला. आमच्या ताई विचारतात, "तात्या, गोळ्यांच्या किती पट्ट्या उरल्या?" पट्ट्यांच्या हिशेबावरून कळतं. घरातल्या कुणाला तरी बीपी मोजायला शिकवलेलं असतं: पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंडाचा पट्टा छातीच्या उंचीला. आकडा फोनवर सांगितला की तो डॉक्टरांच्या नोंदीत जातो.

पेशंटचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, "रानात कधी जाऊ?" डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणं आधी अंगणात चालणं, मग वेशीपर्यंत, मग बांधापर्यंत, आणि ट्रॅक्टर-फवारणी त्यांनी सांगितल्यावरच. हे वेळापत्रक फोनवरून चालतं. बायकांचा प्रश्न पाण्याच्या घागरीचा असतो. तो त्या आपण होऊन विचारत नाहीत, म्हणून आम्हीच विचारतो.

सध्या खासगी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मशीन बसवायचं काम चालू आहे. गाडीच्या हादऱ्यात रेषा हलते, म्हणून ईसीजी गाडी निघायच्या आधी आणि वाटेत गाडी थांबवूनच काढायचा, असा नियम केलाय. रेंज नसलेल्या जागांचा नकाशा आमचे चालकच तयार करतात. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवरच्या वैद्यकीय तंबूंत ही सोय द्यावी, अशी मागणी काही डॉक्टरांकडून आली आहे, त्याची तयारी सुरू आहे. वारीत साठी-सत्तरीची माणसं चालतात आणि एकाच वेळी लाखो मोबाइल चालू असल्यानं नेटवर्क बसतं. तिथं आमची ८० केबीची फाइल किती टिकते, हे यंदा कळेल.

आपल्या दवाखान्यात ही सोय हवी असेल तर पहिल्या फोनवर आम्ही दोनच गोष्टी विचारतो: रात्री ड्यूटीवर कोण असतं आणि अर्थिंग शेवटचं कधी तपासलं. पुढचं आम्ही प्रत्यक्ष येऊन बघतो.