कुत्र्याने चॉकलेट खाल्लं? आधी रॅपर शोधा

चॉकलेट खाल्ल्यावर पहिले काही तास कुत्रा बहुतेक वेळा ठणठणीत दिसतो. शेपटी हलवतो, खेळतो, आणखी मागतो. घात होतो तो इथेच. ‘काही झालेलं दिसत नाही, सकाळी बघू’ म्हणून घरचे झोपायला जातात आणि लक्षणं साधारण 6 ते 12 तासांनी, म्हणजे नेमकी मध्यरात्री सुरू होतात. तोवर उलटी करवून पोट रिकामं करायची वेळ बहुधा निघून गेलेली असते. म्हणून कुत्र्याच्या तोंडाकडे बघून काहीही ठरवू नका. कोणतं खाल्लं, किती खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं.

विष आहे ते कोकोच्या बीमध्ये. तिच्यात थिओब्रोमाईन असतं आणि जोडीला थोडं कॅफिन. माणसाचं शरीर थिओब्रोमाईनचा निकाल बऱ्यापैकी लवकर लावतं. कुत्र्याच्या अंगात मात्र ते निम्म्यावर यायलाच साधारण 17 ते 18 तास लागतात. शिवाय ते पित्तावाटे पुन्हा आतड्यात येऊन शोषलं जातं, आणि मूत्राशयात साठलेल्या लघवीतूनही परत रक्तात उतरतं. त्यामुळे एकदा चढलेला त्रास दोन-तीन दिवससुद्धा टिकू शकतो.

आता हिशोब. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ढोबळमानाने 2 मिलिग्रॅम थिओब्रोमाईन धरा. डार्कमध्ये 5 ते 6, आणि कोकोची टक्केवारी चढी असेल तर त्याहून जास्त. बिनसाखरेच्या बेकिंग चॉकलेटमध्ये 15 च्या आसपास. कोको पावडर सगळ्यांत वाईट, तिथे आकडा 25 च्याही पुढे जाऊ शकतो. व्हाइट चॉकलेटमध्ये थिओब्रोमाईन नावापुरतंच असतं, पण चरबी भरपूर.

एकूण मिलिग्रॅमला कुत्र्याच्या वजनाने भागा. किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आसपास उलट्या, जुलाब, खूप तहान आणि बेचैनी दिसते. 40 ते 50 ला हृदयाची लय बिघडू लागते. 60 च्या पुढे झटके येऊ शकतात. 10 किलोच्या कुत्र्याने 100 ग्रॅम मिल्क चॉकलेट खाल्लं, तर किलोमागे 20 येतात. तेवढंच डार्क खाल्लं तर 50 ते 60, म्हणजे प्रकरण थेट हृदयावर. आणि 4 किलोच्या कुत्र्याला 25 ग्रॅम डार्कसुद्धा किलोमागे 30 च्या वर नेतं. हे आकडे सरासरीचे आहेत. म्हातारा किंवा हृदयाचा त्रास असलेला कुत्रा याहून कमी मात्रेतही कोसळू शकतो, तेव्हा हिशोब 15 वर आला तरी डॉक्टरांना फोन करायला संकोच करू नका.

रॅपर कचऱ्यात गेलं असेल तर कचरा उपसा. त्यावर वजन असतं, कोकोची टक्केवारी असते. उरलेले तुकडे वजा करा, आणि नक्की किती गेलं ते कळत नसेल तर सगळंच गेलं असं धरा. घरात दोन कुत्रे असतील तर प्रत्येकाने एकट्यानेच सगळं खाल्लं असं मानून दोघांचा वेगवेगळा हिशोब करा. वजन ठाऊक नसेल तर कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा. घटक वाचताना मनुका, कॉफी किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) दिसलं, तर चॉकलेटचा हिशोब बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा. झायलिटॉलने रक्तातली साखर अर्ध्या तासातही कोसळू शकते.

घरच्या घरी उलटी करवायला मिठाचं पाणी पाजू नका. रक्तात सोडियम वाढून कुत्रा चॉकलेटऐवजी मिठाने दगावू शकतो. घशात बोटं घालू नका. दूध पाजल्याने विष उतरत नाही. हायड्रोजन पेरॉक्साईडचा उपाय बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो, पण डॉक्टरांनी फोनवर प्रमाण सांगितल्याशिवाय त्याला हात लावू नका. त्याने अन्ननलिका आणि जठर सोलवटतं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांमध्ये उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका जास्त. आणि कुत्रा थरथरत असेल किंवा गुंगीत असेल, तर उलटी करवायचीच नाही.

दवाखान्यात अ‍ॅपोमॉर्फिन देऊन उलटी करवतात. चॉकलेट पोटात वितळून त्याचा चिकट गोळा होतो आणि तो रेंगाळतो, म्हणून दोन-तीन तास उलटले असले तरी जाण्यात अर्थ आहे. नंतर अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे विष धरून ठेवणारी कोळशाची पूड, कधी कधी पुन्हा पुन्हा, कारण विष पित्तावाटे परत येत राहतं. सलाईन, झटक्यांसाठी आणि ठोक्यांसाठी औषधं. थिओब्रोमाईनवर उतारा म्हणून वेगळं औषध नाही, जे आहे ते शरीराला तग धरायला मदत करणारं.

घरी लक्ष ठेवायला सांगितलं असेल तर ठोके मोजा. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, मांडी पोटाला मिळते तिथे दोन बोटं हलकेच टेकवली की नाडी लागते. 15 सेकंद मोजून चारने गुणा. शांत पडलेल्या मोठ्या कुत्र्याचे ठोके मिनिटाला 70 ते 120 असतात, लहान जातींचे थोडे जास्त. निवांत असताना 160 च्या वर गेले, मध्येच ठोका चुकला, स्नायू ताठरले किंवा अंग तापलं, तर लगेच निघा. लघवीला दर तीन-चार तासांनी बाहेर न्या, रात्रीसुद्धा. मूत्राशय रिकामं राहिलं की विष परत शोषलं जात नाही.

थिओब्रोमाईन उतरलं तरी चरबीचा हिशोब उरतोच, आणि इथे व्हाइट चॉकलेटही निर्दोष नाही. एक ते तीन दिवसांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कुत्रा पुन्हा उलट्या करू लागला, खाणं टाकलं, किंवा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवून उभा राहू लागला, तर पोट दुखतंय असं समजा आणि त्याच दिवशी परत न्या. चमकी कागदासकट खाल्लं असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो आतड्यात अडकला तरी सुरुवात अशाच उलट्यांनी होते.