आंबटाची सरहद्द

आमटीला आंबट काय घालायचं, हा वाद आमच्या घरात लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सुरू झाला, तो अजून चालू आहे. बायको सोलापूरची. चिंच कोळणं हा तिच्या हातचा मळ. मी कुडाळकडचा. चिंच घातलेली आमटी माझ्या लेखी सांबाराची गरीब बहीण. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, ‘तुमची आमसुलाची आमटी खाल्ली की रोज कुणाच्या तरी श्राद्धाला जेवल्यासारखं वाटतं.’ श्राद्धाच्या पानात आमसुलाची चटणी असते हे खरंच, त्यामुळे मला गप्प बसावं लागतं.

खरं तर दोष आम्हा दोघांचाही नाही, सह्याद्रीचा आहे. समुद्रावरून येणारे ढग हा डोंगर अडवतो आणि बहुतेक पाणी अलीकडेच सांडून घेतो. आंबोलीला वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर सोलापूरला 600 सुद्धा जेमतेम. चिंचेला कोरडं हवामान मानवतं, कोकमाला दमट डोंगरउतार आणि सावली. पूर्वज घाटाच्या ज्या बाजूला राहिले, ती आंबट चव घराण्यात उतरली. कोल्हापूरहून एसटीने आंबोली घाट उतरताना दाणोली आली की अंग चिकचिकायला लागतं. तिथून पुढे आमसुलाचा मुलूख, असं मी मनातल्या मनात धरून चालतो.

या फळाला नावं तरी किती! झाडाला असतो तो रातांबा, आमच्या मालवणीत रतांबो, गोव्यात गेला की भिरंड. मिठात मुरून गळतो तो रस म्हणजे आगळ, वाळली साल म्हणजे सोलं, तीच पुण्यात आमसूल होते. बियांचं तेल थिजतं, त्याचे मुठीत दाबून गोळे करतात, ते मुठेल. टाचांच्या भेगांवर त्यासारखं औषध नाही. झाड मात्र फसवं. बी लावून सात-आठ वर्षं वाट बघावी आणि फुलल्यावर कळावं की हा नर आहे, फळं विसरा. म्हणून आता लोक दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ची कलमं लावतात. सोलकढीबद्दल मी बोलणार नाही. शहरातल्या काही हॉटेलांत ती ज्या गुलाबी रंगाची मिळते, तो रंग मला बिटाच्या कोशिंबिरीतच पाहून माहीत आहे.

मे 2025 मध्ये मावशीकडे गेलो होतो. खळ्यात चटया अंथरलेल्या, त्यावर रातांब्यांच्या साली, पालथ्या पडलेल्या लालभडक वाट्यांसारख्या. बाजूच्या बादलीत बिया आणि मीठ, त्यात सुटलेला रस. मावशी संध्याकाळी साली गोळा करायची, त्या रसात बुडवायची आणि सकाळी पुन्हा उन्हात घालायची. असं चार-पाच वेळा पुट दिलं की लाल रंगाचा काळा होतो आणि साल चामड्यासारखी वाकते. मोडली तर समजायचं, पुट कमी पडलं. मावशीची बोटं नखांच्या मुळापर्यंत जांभळी झाली होती, ती जून सरेपर्यंत तशीच राहतात. मी मदत म्हणून मुंग्या हाकलत बसलो होतो.

पुटं तीनच झाली होती आणि पाऊस आला. वळवाची सर नव्हे, नुसती धार. एरवी दक्षिण कोकणात मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो. त्या वर्षी 25 मेलाच तो देवगडपर्यंत आला होता. आम्ही चटया उचलून पडवीत आणल्या, तोवर अर्ध्या साली भिजल्या होत्या. मी म्हटलं, ‘एवढ्या लवकर कसा आला?’ मावशी म्हणाली, ‘पाऊस काय तुका इचारून येतलो?’

ऊन काही परत आलं नाही. तिसऱ्या दिवशी सालींना बुरशीचा वास यायला लागला, तेव्हा मावशीने चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या चौकटीवर त्या पसरल्या. खाली नारळाच्या सोडणांचा धूर. वाळल्या एकदाच्या, पण पुण्याला आणलेली बरणी उघडली की चुलीशी बसल्यासारखं वाटायचं. बायकोने एकदाच हुंगली आणि चिंचेचा डबा पुढे ओढला.

सप्टेंबरात शेजारच्या केरळी ताई, म्हणजे आमच्या चेची, काहीतरी मागायला आल्या. माहेर आलप्पुळाचं, पुण्यात वीस वर्षं झाली, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. बरणी ओट्यावर उघडीच होती. त्यांनी नाक आत घातलं आणि चेहरा उजळला. ‘ही कुठे मिळाली? ही तर आमची कुडमपुळी!’ मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडचं फळ कोकमाच्याच जातकुळीतलं, पण पिकतं ऐन पावसाळ्यात. नुसत्या उन्हावर विसंबून चालत नाही, त्यामुळे साली धुरावर धरायच्याच. माशाच्या कालवणाला तो धूरच लागतो. आमच्याकडे पाऊस दोन आठवडे आधी आला आणि मावशीची सोलं थेट केरळात जाऊन पोचली होती. मी मूठभर त्यांच्या वाटीत घातली, अंमळ जास्तच. बायकोवर विजय मिळवल्यासारखं वाटत होतं.

‘कुडमपुळी म्हणजे काय हो?’ बायकोने सहज विचारलं.

‘कुडम म्हणजे घडा,’ चेची म्हणाल्या, ‘आणि पुळी म्हणजे चिंच.’

बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शांतपणे डबा उघडला आणि लिंबाएवढी चिंच पाण्यात भिजत घातली.