आईची वाणसामानाची यादी, श्टुटगार्टच्या फ्रीजवर

सोलापूर सोडून जर्मनीला निघाले तेव्हा सगळे म्हणाले, शाकाहारी माणसाचे तिथं हाल होतात. हाल झाले नाहीत, वाईट सवय लागली. ब्रेड, चीज, पास्ता, बटाटे. पोट भरायचं आणि सगळं व्हेजच होतं की. (चीजचंही काही खरं नाही. पार्मेझानमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट नावाचं विरजण असतं, हे मला वर्षभरानं कळलं.) दुसऱ्या हिवाळ्यात जिना चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं, तर लोह कमी आणि बी-१२ सुद्धा.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "शनिवारी काय काय आणतीस, ती यादी पाठव बघू." पाठवली. पाच मिनिटांत उत्तर आलं, "यात भिजवायचं काय आहे गं?"

काहीच नव्हतं.

आमच्या घरी लक्ष्मी मार्केटमधून भाजी मिळेल तशी यायची, पण मटकी, हुलगे, हरभरे, चवळी यांचे डबे कधी रिकामे नसायचे. रात्री काय भिजत घातलंय त्यावर उद्याचं जेवण ठरायचं, भाजी त्याच्या मागून. मी इथं उलटं करत होते. दुकानात दिसेल ते उचलायचं आणि घरी येऊन विचार करायचा.

आता शनिवारी सकाळी आधी डबे बघते. रविवारी इथली दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी विसरलं ते सोमवारपर्यंत विसरलंच. आम्हा दोघांना आठवड्याला डाळी-कडधान्य मिळून साधारण सव्वा किलो लागतं. मसूर आणि काबुली चणे तुर्की दुकानातून आणते. कोथिंबीर-पुदिन्याच्या जुड्याही तिथंच घसघशीत मिळतात. तूर आणि मटकीसाठी भारतीय दुकान गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथं महिन्यातून एकच फेरी. जर्मन सुपरमार्केटातून दूध, पालक, गाजरं आणि क्वार्क. हा क्वार्क म्हणजे आपल्या चक्क्याचा चुलतभाऊ. बिनसायीच्या क्वार्कमध्ये १०० ग्रॅमला १२ ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय स्वस्त. श्रीखंडही बरं होतं.

बी-१२ साठी मात्र गोळ्या घ्याव्याच लागल्या, माझी तूट दूध-दह्यानं भरण्यातली नव्हती. उसळीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला की ते वाया जातं, हे डॉक्टरनं सांगितलं. यातलं लिंबू आईनं कधीचंच सांगितलं होतं. चहाचं तिला सांगायची माझी हिंमत नाही.

अडलं ते ज्वारीवर. इथं मिळणारं पीठ जुनं, विरी गेलेलं. उकळत्या पाण्यात मळलं तरी भाकरी थापताना कडा फाटतातच. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर वाढलेल्या माणसाला हे सोसत नाही. म्हणून दर जानेवारीत सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला आले की परतीच्या बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरते. तूप आणि पेढे नेता येत नाहीत, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे. भाकऱ्या वाटेत तुटतात, पण आमटीत चुरायच्याच असतात, म्हणून आई त्या नीट बांधतसुद्धा नाही.