अंगठा

हवाई दलातून सार्जंट म्हणून पेन्शनवर आलो आणि दुबईत एका ग्राउंड हँडलिंगच्या कंत्राटदाराकडे लागलो. नोव्हेंबर २०१३चा एअर शो. त्या वर्षी तो पहिल्यांदाच अल मकतूम विमानतळावर भरला होता. माझं काम साधं: विमानापाशी ग्राउंड पॉवरची, म्हणजे उभ्या विमानाला वीज देणारी, गाडी लावायची, केबल जोडायची, सांगितलं की काढायची. एका सकाळी यादीत नाव आलं, जेएफ-१७. पाकिस्तानी.

नावातच 'जॉइंट फायटर'. चीनमधल्या चेंगडूच्या आणि पाकिस्तानातल्या कामराच्या कारखान्यांनी मिळून केलेलं, २००३ साली पहिल्यांदा उडालेलं हलकं विमान. सांगाडा चीन-पाकिस्तानचा, इंजिन रशियाचं, वैमानिकाची खुर्ची ब्रिटिश मार्टिन-बेकरची. हसू नका, आपल्या तेजसचं इंजिन अमेरिकी आणि खुर्ची याच कंपनीची.

इंजिन होतं आरडी-९३. आमच्या मिग-२९च्या आरडी-३३चा सख्खा भाऊच. १९८७ साली मिग-२९ पुण्याच्या लोहगाव तळावर आली तेव्हापासून उमेदीची वर्षं मी त्याच इंजिनावर काढलेली. त्याचा गिअरबॉक्स, म्हणजे इंजिनाच्या जोरावर पंप-जनरेटर फिरवणारी पेटी, वरच्या अंगाला. म्हणजे कामाला विमानाच्या पाठीवर चढायचं, आणि मे महिन्यात पत्रा असा तापायचा की गुडघे भाजायचे. इथं पोटाखालची पॅनलं उघडी होती आणि त्यांचा फिटर जमिनीवर उभा राहून आरामात आत हात घालत होता. एका इंजिनाच्या या विमानासाठी रशियनांनी गिअरबॉक्स खाली आणलाय. खरं सांगतो, देशबिश काही मनात आलं नाही. नुसता हेवा वाटला.

मी फार वेळ वाकून बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"कहाँ से हो?"

"पुणे."

"इंजन का काम जानते हो?"

"नहीं जी, गाडी चलाता हूँ."

नोकरी सुटली तरी तोंडाचं कुलूप सुटत नाही. शिवाय इथली नोकरी कंत्राटाची.

दुपारी इंजिन सुरू झालं. आधी बारीक शीळ, मग छातीत बसणारी घरघर, आणि मागे तोच काळा धूर. लोहगावला आम्ही लांबूनच त्या धुरावरून विमान ओळखायचो. आवाज चढला, जरा डगमगला, आयडलवर, म्हणजे किमान वेगावर, बसला. आणि माझा अंगठा वर गेला. वीस वर्षांची खोड.

विमानापलीकडून तो फिटर माझ्याकडेच बघत होता. काही बोलला नाही. स्वतःचाही अंगठा वर केला, मग हातानं केबल काढायची खूण केली.

मी केबल काढली.