कृष्णद्रव्य उरले की साठले?

कृष्णद्रव्य (डार्क मॅटर), म्हणजे प्रकाश न देणारे आणि केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य, कशाचे बनले आहे हे अजून कोणाला सांगता आलेले नाही. ते किती आहे, हे मात्र चांगले ठाऊक आहे. नेहमीच्या द्रव्याच्या ते साधारण पाचपट भरते. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मोकळ्या झालेल्या प्रकाशाचे प्लँक उपग्रहाने जे मोजमाप केले, त्यावरून तेव्हाही हे प्रमाण एवढेच होते असे दिसते. म्हणजे त्याची निर्मिती त्याआधीच उरकलेली होती. या पाचपटीचा हिशेब कसा लावायचा, हा मला या विषयातला सर्वांत रंजक प्रश्न वाटतो.

अनेक वर्षे मान्यता मिळालेले उत्तर असे. अतितप्त विश्वात कृष्णद्रव्याचे कण इतर कणांच्या टकरींतून सतत निर्माण होत आणि एकमेकांवर आदळून नष्टही होत. विश्व थंड होऊ लागले तशी नवे जड कण घडवण्याइतकी ऊर्जा टकरींत उरली नाही, नष्ट होणे मात्र चालूच राहिले आणि संख्या झपाट्याने घसरली. पण विश्व प्रसरणही पावत होते. एका टप्प्यावर कण इतके विरळ झाले की त्यांची गाठ पडेनाशी झाली, आणि तेव्हा जे वाचले ते कायमचे उरले. प्रोटॉनच्या शंभरपट वस्तुमानाचा कण धरला, तर हे सारे सेकंदाच्या सुमारे दहा कोटीव्या भागात घडते. यात गंमत अशी, की परस्परक्रिया जितकी प्रबळ, तितके कण कमी उरतात.

या गणितात क्षीण आण्विक बलाच्या (निसर्गातील चार मूलभूत बलांपैकी एकाच्या) तोडीची परस्परक्रिया घातली की जवळजवळ हवे तेवढेच कृष्णद्रव्य मिळते. अशा क्षीण परस्परक्रियेच्या जड कणाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘विम्प’ म्हणतात, आणि या जुळणीला ‘विम्प चमत्कार’. माझ्या मते तिच्यावर गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवला गेला. अमेरिकेच्या दक्षिण डकोटा राज्यातील जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोलीवर, लक्स-झेप्लिन प्रयोगात सात टन द्रवरूप झेनॉन अशा कणाच्या धक्क्याची वाट पाहत आहे, पण खात्रीचा संकेत अद्याप मिळालेला नाही.

दुसरी शक्यता नेमकी उलटी आहे. कणांची परस्परक्रिया इतकी दुबळी असेल की ते त्या तप्त गर्दीत कधी मिसळलेच नाहीत, तर इतर कणांच्या ऱ्हासातून ते थोडे थोडे साठत गेले असतील. येथे परस्परक्रिया वाढली की साठाही वाढतो. असे कण झेनॉनमध्ये सहसा दिसणारच नाहीत, त्यामुळे तिथली शांतता या कल्पनेला मारक नाही. अर्थात ती तिचा पुरावाही नाही.

कृष्णद्रव्याचा आणखी एक संभाव्य कण म्हणजे ॲक्सिऑन; त्याला तर या उष्णतेची गरजच नाही. त्याचे क्षेत्र, म्हणजे अवकाशभर पसरलेली आणि जिच्या आंदोलनांना आपण कण म्हणतो ती राशी, आरंभी कुठल्यातरी मूल्यावर अडकून होते. विश्व पुरेसे निवल्यावर ते धरून ठेवलेला लंबक सोडावा तसे आंदोलू लागले, आणि त्या आंदोलनांची ऊर्जाच थंड द्रव्यासारखी वागते. म्हणून कण अत्यंत हलका असूनही मंद राहतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रातील धातूच्या पोकळीत त्याचे सूक्ष्मलहरींत रूपांतर होते का, हे वॉशिंग्टन विद्यापीठातील एडीएमएक्स प्रयोग पोकळीची वारंवारता किंचित किंचित बदलत तपासत आहे.