बंदर होतं, मग समुद्र कुठाय?

सोपाऱ्याच्या जुन्या बंदराबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नालासोपाऱ्याला राहतो म्हटलं की लोक आधी लोकलच्या गर्दीबद्दल हळहळतात. मग मी फुशारकीने सांगतो, की आमचा सोपारा दोन हजार वर्षांपूर्वी मोठं बंदर होतं. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "मग समुद्र कुठाय?"

समुद्र आहे, पण पार पलीकडे, कळंब-राजोडीला. सोपारा खाडीवरचं बंदर. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, आणि या दोघींना जोडणारा पाण्याचा फाटा सोपाऱ्याजवळून जायचा. पश्चिमेला जमिनीचा पट्टा आडोशाला होताच. पावसाळी वाऱ्यांत गलबत सुखरूप ठेवायला याहून चांगली जागा कुठली?

इथे अशोकाने आपल्या आज्ञा दगडावर कोरवून घेतल्या. आठव्या लेखाचा तुकडा 1882 मध्ये भाटेळा तळ्याजवळ सापडला, नवव्याचा 1956 मध्ये भुईगावला. आठव्यात राजा सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीला आणि मौजेला बाहेर पडत, मी धर्मयात्रेला निघतो. असली घोषणा माणूस रिकाम्या माळावर कोरत नाही. वाचणारे, निदान ऐकणारे, घोळक्याने जमत असणार तिथेच कोरतो.

पण मला विचाराल तर सोपाऱ्याची गोष्ट स्तूपातल्या डब्यांत आहे. स्तूपाच्या टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. बुरुड सुपं विणतो आणि शूर्पारक या जुन्या नावातही सूप आहेच. हा धागा माझा, पुरावा मागू नका. 1882 च्या एप्रिलमध्ये पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते टेकाड खणलं. मधोमध दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती गोलाकार बसलेल्या आठ छोट्या ब्राँझमूर्ती: सात बुद्ध आणि आठवा यायचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. सगळ्यात आत सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून जपलेल्या. एवढ्या सोन्याचांदीच्या पोटात शेवटी खापरी!

त्यातच सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. तेव्हा सातवाहन जाऊन काही शतकं लोटली होती. म्हणजे मधे कुणीतरी स्तूप उघडला, आतलं काही न लुटता मूर्तींची भर घातली आणि पुन्हा बंद केला. राजवटी बदलल्या तरी गावाची आठवण शाबूत होती, असं मी यावरून धरतो.

राजे बदलत होते हे खरं. शक राज्यकर्ता क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात सांगतो, की शूर्पारकात धर्मशाळा बांधल्या. शिवाय इथल्या रामतीर्थासह चार ठिकाणच्या चरकांना, म्हणजे फिरत्या साधूंना, 32,000 नारळीची झाडं दिली. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला आणि त्याच्याच नाण्यांवर आपला छाप मारला. बंदरावर याची झळ कशी बसायची, ते शेजारच्या कल्याणवरून कळतं. पहिल्या शतकातला एक ग्रीक खलाशी लिहून गेलाय, की कल्याणला चुकून गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. कल्याणच्या सत्तेची मर्जी फिरली होती, इतकंच.

कोकणच्या शिलाहार राजांच्या काळातही गावाचं नाव गाजत होतं. चक्रेश्वर मंदिरापाशी ठेवलेली ब्रह्मदेवाची उभी मूर्ती बघा. ब्रह्मदेव एरवी सहसा भेटत नाही. नंतर यादव, मग गुजरातचे सुलतान. 1534 मध्ये सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. लक्षात घ्या, आता भांडण वसईसाठी होतं. सोपाऱ्यासाठी कुणी तलवार उपसत नव्हतं.

कारण तोवर बंदर गेलं होतं, आणि ते कुठल्या राजाने नेलं नव्हतं. खाडीत गाळ साचत गेला, भरतीचं पाणी आत येईना, जहाजं मात्र मोठी होत गेली. त्यांना वसईची खोल खाडी सोयीची पडली. गाळ कुणाचा वैरी नसतो, म्हणून त्याची बखर कुणी लिहीत नाही. शाळेत आम्ही लढायांचे सन घोकले. गाळाला सनच नाही, मग परीक्षेत काय विचारणार?

आमच्याकडे पुराणातही उलटीच गोष्ट आहे. महाभारतात समुद्र परशुरामासाठी शूर्पारकाची भूमी मोकळी करून देतो. मागे हटणं म्हणजे कृपा! बंदरात पोट भरणाऱ्या व्यापाऱ्याला ही कृपा कशी वाटली असती, कोण जाणे.

पाहुणे आले की मी त्यांना स्तूपापाशी नेतो. विटांचा ढीग बघून त्यांचा चेहरा पडतो. करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे, अशोकाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. म्हणजे आमच्या गावातलं पाहायला लोकलने उलट दिशेला जा. मग पुन्हा तोच प्रश्न, समुद्र कुठाय?

जुलैत या. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की नालासोपारा स्टेशनचे रूळ पाण्याखाली जातात आणि गाडी जागच्या जागी थांबते. दाखवतो तुम्हाला, फलाटावरून.